रवाळ तुपाला शाबासकी, रवाळ मधाला शिव्या

आपल्याकडे तूप कसं हवं? रवाळ. कणीदार. सुनेच्या हातचं तूप रवाळ झालं की सासू (मनातून कितीही नको वाटलं तरी) चारचौघींत सांगते. खोबरेल तेल डिसेंबरात गोठतं, तेव्हा आपण बाटली गरम पाण्याच्या तपेल्यात उभी करतो आणि निमूटपणे डोक्याला लावतो. "तेलात मेण घातलंय" असं काही कुणी म्हणत नाही. पण मध! मधाच्या बाटलीच्या तळाशी बोटभर पांढरट थर दिसला रे दिसला की आपल्यातला अन्नभेसळ निरीक्षक जागा होतो. "बघ, साखर घातलीय मेल्याने!"

हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय, म्हणून आजची ही पोस्ट. आधीच सांगते, हा ब्लॉग वाचणाऱ्या आमच्या नातलगांपैकी चार-पाच जणांना ती लागणार आहे. लागू दे.

झालं असं. आमचे एक भाऊजी पैठणकडे शेती करतात. मोसंबीची बाग आहे, आणि गेली काही वर्षं मधमाश्यांच्या पेट्याही ठेवतात. जानेवारी-फेब्रुवारीत मोसंबीला फुलोरा येतो तेव्हा पेट्या बागेत. मग कुणाची करडई, कुणाचा सूर्यफुलाचा तुकडा, कुणाचा कांद्याच्या बियांचा प्लॉट, तिकडे. माणूस माशांच्या मागे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतो म्हणा ना. मागच्या थंडीत मी हौसेने आख्ख्या गोतावळ्यात त्यांचा मध वाटला. म्हणजे विकलाच, फुकट नाही. सिडकोपासून ठाण्यापर्यंत बाटल्या पोचल्या. महिन्याभरात फोन सुरू. "अगं, खाली साखर बसलीय." "आम्ही फ्रीजमध्ये ठेवून बघितला, गोठला ना!" "घरचाच माणूस असं करतो म्हणजे काय..." तीन बाटल्या तर परत आल्या, त्यातली एक अर्धी संपवून. :)

भाऊजी काही बोलले नाहीत. फक्त मला विचारलं, "वहिनी, पुढच्या खेपेला तापवूनच देऊ का? तापवला की नाही बसत."

हा प्रश्न मला फार लागला. एक माणूस चांगला माल देतोय आणि आपण त्याला सांगतोय की बाबा रे, तो थोडा बिघडवून दे, म्हणजे आमचा विश्वास बसेल.

आता जरा मधाबद्दल. "साखर घातली" म्हणणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगायची ती ही की मध म्हणजे मुळात साखरच. ढोबळ मानाने शंभर ग्रॅम मधात ३८ ग्रॅम फ्रुक्टोज, ३० ग्रॅम ग्लुकोज, आणि पाणी जेमतेम १७-१८ ग्रॅम. बाकी थोड्या इतर शर्करा, आम्लं, एन्झाइम्स, परागकण. यातलं फ्रुक्टोज पाण्यात झकास विरघळून राहतं. ग्लुकोजचं तसं नाही. एवढ्याशा पाण्यात इतकं ग्लुकोज मावतच नाही, ते कसंबसं दाटीवाटीने बसलेलं असतं. निमित्त मिळालं, म्हणजे एखादा परागकण, मेणाचा कण, जुन्या बाटलीतला उरलेला खडा, की ते त्याभोवती स्फटिक धरायला लागतं. मध साखरतो. आणि त्याला सगळ्यात सोयीचं तापमान कोणतं? साधारण १४ अंश. आता आमच्या संभाजीनगरातली डिसेंबर-जानेवारीची रात्र आठवा. सकाळी कानटोपी घालून फिरायला जाणाऱ्यांना सांगायला नको. मध साखरायला याहून चांगली हवा शोधून सापडायची नाही. मोहोळात तो का साखरत नाही? कारण माश्या पिल्लांसाठी पोळं ३४-३५ अंशांवर उबदार ठेवतात. आपण त्यांच्या उबेतून मध काढून थंडीत ठेवायचा, वर फ्रीजमध्ये घालून त्याची "परीक्षा" घ्यायची, आणि तो गोठला की त्यालाच नापास करायचं. वा!

शिवाय फूल बदललं की मध बदलतो. सूर्यफुलाचा, मोहरीचा मध फार लवकर साखरतो, कारण त्यात ग्लुकोजचं प्रमाण जास्त. काश्मीरकडचा अकेशियाचा मध महिनोन्‌महिने पातळ राहतो, कारण त्यात फ्रुक्टोज जास्त. हे आपल्या कायद्यालाही ठाऊक आहे. मधात सुक्रोज म्हणजे आपली नेहमीची साखर ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी असा नियम आहे. पण सह्याद्रीतल्या कारवीच्या मधाला त्यातून सूट देऊन १० टक्क्यांपर्यंत मुभा दिलेली आहे. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या एका झुडपासाठी देशाच्या कायद्यात वेगळी ओळ! आपण मात्र पैठणच्या सूर्यफुलाने काश्मीरसारखं वागावं म्हणतो.

बायकांना तर हे समजायला अजिबात अवघड जाऊ नये. (पुरुषांनाही नाही, पण पाक कोण करतं?) गुलाबजामचा पाक साखरू नये म्हणून आपण काय करतो? दोन थेंब लिंबू पिळतो. ते लिंबू काय करतं, तर साखरेचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. अशा मिसळीचा खडा सहजी धरत नाही. माशीही हेच करते, फक्त लिंबाऐवजी तिच्या पोटातलं एन्झाइम असतं. आणि... इथे जरा थांबून विचार करा... भेसळवालाही हेच करतो. साखरेचा, मक्याचा, तांदळाचा असा पाक बनवता येतो की जो वर्षभर ठेवला तरी साखरणार नाही. म्हणजे "मध साखरला नाही, अर्थात शुद्ध आहे" ही आपली जी घरगुती कसोटी आहे ना, ती भेसळवाल्याला पास करायलाच बनवलीय असं वाटावं.

२ डिसेंबर २०२० ला दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने मधाबद्दलचा आपला तपास जाहीर केला, तो तेव्हा टीव्हीवर दोन दिवस गाजला आणि मग आपण विसरलो. त्यांनी १३ ब्रँडचे २२ नमुने घेतले होते. गुजरातमध्ये आणंदच्या प्रयोगशाळेत नेहमीच्या चाचण्या केल्या तेव्हा बहुतेक मोठे ब्रँड पास. मग तेच जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एनएमआर नावाच्या चाचणीसाठी पाठवले. सगळ्या चाचण्यांतून पार झाले फक्त ५ नमुने. कंपन्यांनी अर्थातच आरोप फेटाळले, आणि एनएमआरसाठी भारतीय मधाचा पुरेसा नमुनासंग्रहच नाही असाही आक्षेप आला. तो अगदीच बाजूला टाकण्यासारखा नाही. पण तपासातला मला हादरवणारा भाग वेगळाच होता. चाचण्यांना चकवतील असे खास पाक बनवून विकणारे लोक आहेत, हे त्यांनी गिऱ्हाईक बनून शोधून काढलं होतं. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून निर्यातीच्या मधाला एनएमआर सक्तीची झाली होती. म्हणजे बाहेरच्यांसाठी एक चाळणी आणि आपल्यासाठी दुसरी. आणि आपण काय करतोय, तर फ्रीज!

बरं, भेसळ सोडून द्या. खरा मध घेऊन प्रामाणिकपणे बाटलीत भरणारेही आपल्या या हट्टापुढे काय करतात? तापवतात. मोठ्या कारखान्यात मध ६०-६५ अंशांपर्यंत नेतात, म्हणजे होते नव्हते ते बारीक स्फटिक विरघळतात, वर आंबवणारं यीस्टही मरतं. मग इतक्या बारीक जाळीतून गाळतात की परागकणही बराचसा निघून जातो. स्फटिकाला धरायला कण नाही, म्हणून मध दुकानाच्या फळीवर वर्षभर काचेसारखा चकाकत उभा. जाहिरातीत चमच्यावरून तो सोनेरी धार सोडतो ना, त्या धारेसाठी हे सगळं. यात बेकायदा काही नाही. पण तापवलं की एन्झाइम्स कमी होतात आणि एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. मध किती ताजा आणि किती भाजून निघालेला, हे त्यावरून मोजतात. युरोपात साधारणपणे किलोला ४० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आपल्या देशात ८०, कारण आपल्या उन्हाळ्यात तो नुसत्या साठवणीतही वाढतो.

आणि आता गंमत बघा. मध तापवू नये, गरम मध विषासारखा, हे आपल्याकडे कुणी सांगितलं? आयुर्वेदाने. कोण मानतं? तेच सगळे, जे बाटली परत पाठवतात. आमच्या एका मावशींना चहाच्या पाण्यात मध घातलेला चालत नाही, पाणी कोमट झालं की नाही हे बोट बुडवून बघतात. त्याच मावशींना न साखरणारा मध हवा, म्हणजे कारखान्यात ६० अंशांवर उकडून निघालेला! विष म्हणा किंवा म्हणू नका, ते वैद्यांवर सोडते. पण निदान एका बाजूला तरी उभं राहा की.

घरगुती चाचण्यांचा एकदा निकालच लावते. पाण्याच्या ग्लासात थेंब टाकला आणि तो न विरघळता तळाशी गेला तर शुद्ध: घट्ट पाकही तसाच तळाशी जातो, करून बघा. मधात बुडवलेली काडी पेटली तर शुद्ध: यावरून फार तर पाणी कमी आहे एवढं कळतं, आणि तेही धड नाही. कुत्रा चाटत नाही, मुंगी लागत नाही: मुंगीला मध भरपूर लागतो, आमच्या ओट्यावर या. फ्रीज: वर सांगितलंच.

पण एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी, नाहीतर उद्या ग्रुपवर उलटा फॉरवर्ड फिरेल, "साखरला तोच शुद्ध". तसंही नाही! ग्लुकोज जास्त असलेला पाक मिसळला की तोही खडा धरतो. साधी साखर घालून केलेला पाकही बसतो. साखरणं हा शुद्धतेचा दाखला नाही आणि भेसळीचा पुरावाही नाही. ते फक्त फूल कोणतं होतं आणि थंडी किती पडली, एवढंच सांगतं. बाकी डोळ्यांनी ओळखता येत नाही हे एकदा मान्य करून टाकावं. जालना रोडला घमेल्यात पोळं ठेवून "ताई, तुमच्या डोळ्यासमोर पिळून देतो" म्हणणारा भेटतो, त्याच्याकडून आपण डोळे मिटून घेतो. पोळं दिसतं ना! पोळ्याखाली गुळाचा पाक असला तरी चालतो, पण भाऊजींची साखरलेली बाटली चालत नाही.

मध न साखरावा म्हणून, किंवा निदान उशिरा साखरावा म्हणून, प्रामाणिकपणे करण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते बहुतेक काढणीतच आहे. भाऊजींकडे मी हे दोनदा बघितलंय. चौकटीतल्या घरांवर माश्यांनी मेणाचं झाकण घातलं की समजायचं मध पिकला. त्याआधी पाणी जास्त असतं. घाईने कच्चा मध काढला तर तो साखरण्याआधी आंबतो, २० टक्क्यांच्या वर पाणी गेलं की ती भीती असतेच. मग झाकणं सुरीने तासायची, चौकट मधयंत्रात उभी करून फिरवायची. मध भिंतीवर उडतो, पोळं शाबूत राहतं आणि माश्यांना परत मिळतं. पोळं पिळून काढलेल्या मधात अंडी, अळ्या, मेण, पराग सगळं येतं. तो गढूळही होतो, साखरतोही आणि नासतोही. आपल्याकडे कड्यांवर, मोठ्या झाडांवर जी आग्या मोहोळं असतात (अजिंठ्याला गेलेल्यांना माहीत आहेत, काहींना जरा जवळून माहीत आहेत) ती रात्री मशाली लावून, माश्या जाळून उतरवण्याची जुनी रीत आहे. वर्ध्याच्या डॉ. गोपाळ पालीवाल यांनी माश्या न मारता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत मध गोळा करणाऱ्यांना शिकवली, हे मोठं काम आहे. तर, पिकलेला मध, कोरडी भांडी, साध्या कापडाने गाळणं, घट्ट झाकण. याच्यापुढे जे काही करायचं ते म्हणजे जाळ. तिथे भाऊजी थांबतात आणि मला वाटतं त्यांनी तिथेच थांबावं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, चार बाटल्या परत आल्या तर? सांगते काय ते. किरकोळ विक्री नाही झाली की पेटीवाल्याला मध डब्याने व्यापाऱ्याला द्यावा लागतो, आणि तो भाव ठरवतो. दोन वर्षं तसं झालं की पेट्या विकून टाकतात. माझ्या माहितीत दोघांनी विकल्या. पेट्या गेल्या की नुसता मध जात नाही. आपल्या मराठवाड्यात, जालन्याकडे तर फारच, कांद्याचं बी घेतात. कांद्याच्या फुलात परागकण आधी झडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे त्याच फुलाचं त्याच फुलाला जमत नाही. कुणीतरी या फुलावरून त्या फुलावर जाणारं लागतं. तो कुणीतरी म्हणजे माशी. सूर्यफुलाचंही बरंचसं तसंच. शेतकरी पेट्या भाड्याने आणतात ते काही हौस म्हणून नाही. म्हणजे ठाण्यात बसून परत पाठवलेल्या बाटलीचा हिशेब पैठणच्या शेतात लागतो.

सरकारी पातळीवर काही चाललेलं नाही असंही नाही. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ च्या मे महिन्यात देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, फोटोबिटो छान आले होते. प्रशिक्षण देतात, पेट्यांना अनुदान देतात. पण मध घेणाऱ्याला प्रशिक्षण कोण देणार? एका ओळीचं लेबल पुरे आहे: "थंडीत हा मध साखरेल. तो असाच असतो." भाऊजींच्या बाटल्यांवर आता मी हे लेबल चिकटवणार आहे, ठळक अक्षरात.

तिकडे कॅनडातल्या आमच्या भाचीला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. तिच्याकडे लोक साखरलेला मध मुद्दाम विकत घेतात, क्रीम्ड हनी म्हणून, ब्रेडला लोण्यासारखा लावायला. कॉर्नेल विद्यापीठातल्या एल्टन डाइस नावाच्या प्राध्यापकांनी १९३५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं: मधात अगदी बारीक स्फटिकांचा थोडा मध विरजणासारखा मिसळायचा आणि १४ अंशांच्या आसपास ठेवायचा. मोठे खडे न धरता सगळा मध लोण्यासारखा मऊ घट्ट होतो. विरजण, रवा, मऊपणा... हे सगळे शब्द आपले, आणि ते डब्यात भरून तिकडचे विकतायत. खरं तर आपल्याकडच्या थंडीत एखाद्या मधपाळाने हे करून बघायला हरकत नाही. (भाऊजी, वाचताय ना?)

असो. ज्यांना पातळच हवा त्यांच्यासाठी, आणि फोन करून मला विचारू नये यासाठी: मध फ्रीजमध्ये ठेवू नका. काचेची कोरडी बाटली, घट्ट झाकण, ओला चमचा नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही. मध हवेतलं पाणी ओढून घेतो. जुन्या बाटलीच्या तळाशी खडे असतील तर तिच्यातच नवा मध ओतू नका, तेच खडे विरजण होतात. साखरलाच तर पातेल्यात हात सोसेल इतकं गरम पाणी घ्या, गॅस बंद, बाटली त्यात उभी करा, पाणी निवलं की बदला, मधून मधून ढवळा. तासा-दीड तासाचं काम आहे. थेट आचेवर नको, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. अर्धा साखरून वर पाण्यासारखा पातळ थर आला असेल तर तो आधी ढवळून एकजीव करा, कारण वरच्या थरात पाणी जास्त राहतं आणि तिथूनच मध आंबायला लागतो.

आणि ज्या तीन बाटल्या परत आल्या होत्या त्यातल्या दोन आमच्याकडे पोळीबरोबर संपल्या. तिसरी अजून आहे. ज्यांची आहे त्यांना हवी असेल तर घेऊन जावी, पैसे मात्र आता पुन्हा द्यावे लागतील.